बुजवलेला लाल

विमानाच्या अंगावर, कॉकपिटच्या मागे, नाण्याएवढं एक वर्तुळ आहे. बाहेर गर्द निळी कड, आत फिकट निळा गोल. नुसत्या डोळ्यांना तो गोल सपाट दिसतो. टेबलावरचा दिवा जरा तिरका केला, चष्मा कपाळावर सरकवून नाक जवळ नेलं, की त्या फिकट निळ्याच्या मध्यावर काहीतरी खटकतं. रंग तोच, पण तिथे तो किंचित उबदार आहे. दुधात केशराची एकच काडी पडावी आणि विरघळायची राहावी तसा.

"इथे खाली काही आहे का रे?" मी विचारलं.

"लाल आहे," मित्र म्हणाला. "एका रविवारी लावला, पुढच्या रविवारी बुजवला."

दिसणारच नाही असा रंग एक आख्खा रविवार खर्चून, मास्क कापून, कडा सांभाळून लावायचा आणि मग त्यावर दुसरा फवारायचा, हा उद्योग मला आधी निव्वळ खुळेपणाचा वाटला. त्यानंतर तीन-चार वेळा त्या विमानासमोर बसलो, आणि आता मला वाटतं की या मॉडेलची सगळी गोडी त्या बुजवलेल्या लालातच आहे. बाकीची मॉडेलं रंगवलेली असतात. हे पुन्हा पुन्हा रंगवलेलं आहे.

विमान म्हणजे स्पिटफायर, मार्क आठ. जपानच्या तामिया कंपनीने २०१० मध्ये बाजारात आणलेला १/३२ प्रमाणाचा संच. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा सव्वाअकरा मीटरांच्या आसपास, म्हणजे मॉडेल या टोकापासून त्या टोकापर्यंत पस्तीस सेंटिमीटर. स्वयंपाकघरातल्या मोठ्या परातीत ते आडवं मावेल, एवढंच. पण या छंदात हे 'मोठं' मानतात, आणि ते का, हे रंगकामाकडे पाहिल्यावर कळतं. शाळेत आपण ज्या १/७२ च्या विमानांना डिंक फासून बोटं चिकटवून घेतली, त्यांत पंखांचा पसारा जेमतेम साडेपंधरा सेंटिमीटरचा. तिथे दोन हिरवे-करडे पट्टे मारले की डोळा उरलेलं स्वतःच भरून घेतो. १/३२ मध्ये डोळा काही भरून देत नाही. प्रत्येक पत्रा, प्रत्येक झाकण, प्रत्येक रिव्हेटची ओळ समोर येते आणि विचारते, माझा रंग शेजारच्यासारखाच का? लहान चित्रात सपाट रंग चालतो. भिंतीएवढ्या चित्रात तोच सपाट रंग नुसती भिंत होऊन बसतो.

मित्राने निवडलेलं विमान भारतीय वायुदलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचं, काळ १९४५ चा, जागा ब्रह्मदेशातलं आराकान. ही निवड मला फार आवडली. स्पिटफायर म्हटलं की जगभरचे मॉडेलवाले १९४० चं इंग्लंड रंगवायला घेतात. वर माती आणि हिरवा, खाली फिकट आकाशी, झालं. पण मार्क आठ ही जात सोळाशेंहून जास्त बनली, तिच्यातली पुष्कळ विमानं पूर्वेकडे आली, आणि ८ क्रमांक ही स्पिटफायर मिळालेली भारतीय वायुदलाची पहिली स्क्वॉड्रन. १९४४ पर्यंत ती व्हेंजन्स नावाची बॉम्बफेकी विमानं चालवत होती. वायुदलाच्या नावामागे 'रॉयल' लागलं तेही याच सुमारास, मार्च १९४५ मध्ये. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात याच जातीचं एक स्पिटफायर, एनएच ६३१, आजही उभं आहे. मित्र ते पाहून आला होता. "आकार बघायला गेलो होतो," तो म्हणाला, "रंग बघायला नाही. त्याच्यावर नंतर किती हात फिरलेत कोण जाणे." संग्रहालयातलं विमान स्वच्छ असतं, आणि स्वच्छ विमान रंगवण्यात याला रस नव्हता.

तर, लाल का लावला आणि का बुजवला?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळात निळा, त्याच्या आत बहुधा पांढरा, आणि मधोमध लाल असे. युरोपात त्याने काही बिघडत नव्हतं. ब्रह्मदेशाच्या आकाशात मात्र समोरच्या जपानी विमानावर नुसता एक लाल गोळा. बंदुकीचं बटण दाबायचं की नाही हे ठरवायला वैमानिकाला एखादा क्षण मिळतो, आणि त्या क्षणात डोळा पहिल्यांदा लाल टिपतो. अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यातला लाल ठिपका याच भीतीने काढून टाकला. ऑस्ट्रेलियाने आपल्या वर्तुळातला काढला. आग्नेय आशियातल्या ब्रिटिश आणि भारतीय विमानांवरूनही तो गेला. मग उरला पांढरा. तो फार चमकतो, जंगलावरून खाली उडणाऱ्या विमानाचा पत्ता वरच्याला सांगतो. म्हणून त्यातही निळा कालवला. मॉडेलवाल्यांच्या बोलीत या रंगाला 'इंडिया व्हाइट' म्हणतात. नावात पांढरा, डोळ्यांना निळा. आपल्या देशाच्या नावाचा एक रंग आहे आणि तो धड पांढरा नाही, यावर आम्ही दोघं थोडा वेळ हसलो.

आता मित्राचा तर्क असा: विमान इंग्लंडातल्या कारखान्यातून निघताना युरोपच्या नियमाने रंगून निघणार. बोटीने इकडे आलं की डेपोतला कुणी कामगार हुकुमाप्रमाणे ब्रश घेऊन लाल बुजवणार. पुढे स्क्वॉड्रनमध्ये ओळखीचं अक्षर येणार, मग आणखी कुठला हुकूम येणार, आणि तो आधीच्या थरावर चढणार. म्हणजे या विमानाच्या कातडीवर हुकमांची चळत आहे. ती शेवटच्या स्थितीत रंगवायची तर एकदम शेवटाला उडी कशी मारता येईल? त्याने विमान ज्या क्रमाने रंगलं असेल त्या क्रमानेच रंगवलं. आधी सगळीकडे अ‍ॅल्युमिनियमचा चकाकता थर. त्यावर हिरवा आणि करडा. मग युरोपचं वर्तुळ, लालासकट. शेपटीजवळचा फिकट पट्टाही, जो युरोपात लढाऊ विमानांवर असे आणि इकडे ठेवत नसत. आणि मग हे सगळं बुजवायला नवा हिरवा, नवा करडा, नवा निळा. जुन्या रंगाशी तंतोतंत न जुळणारा.

हे 'न जुळणारा' फार महत्त्वाचं आहे. शेपटीकडे पाहा. जिथे तो फिकट पट्टा होता तिथे आता एक करडा-हिरवा चौकोन आहे, शेजारच्या करड्या-हिरव्यापेक्षा जरासा गडद, थोडा ताजा. गावातल्या बाजारपेठेत दुकानाची पाटी नव्या नावाने रंगवलेली असते आणि संध्याकाळच्या तिरक्या उन्हात जुन्या मालकाचं आडनाव खालून वर येतं, तसं. मित्राने हा फरक इतका हलका ठेवला आहे की विमान सरळ बघताना दिसत नाही. मान वळवली तरच दिसतो. इथे मी मनातल्या मनात दाद दिली. कुठलाही उत्साही माणूस हा चौकोन ठळक करून 'बघा, मला माहीत होतं' असं ओरडला असता.

एक छोटा हिशेब त्यानेच मला सांगितला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही. फवाऱ्याचे दोन-तीन हात मिळून रंगाचा थर पाच शतांश मिलिमीटर जाड झाला असं धरा. बत्तीस पट केलं तर दीड मिलिमीटरहून जास्त. म्हणजे खऱ्या विमानावर जणू गिलावा केलाय! आणि इथे तर थरावर थर, सहा-सात. म्हणून याचा रंग दुधापेक्षाही पातळ. तो हवेचा दाब कमी ठेवतो आणि एअरब्रश पत्र्यापासून दोन बोटांवर. एका वेळी जवळजवळ काहीच पडत नाही. वाळू द्यायचा, पुन्हा फिरवायचा. एअरब्रश मी पहिल्यांदा पाहिला तो पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात. सोंडेच्या वळणावर एकच सावली चढवायला कारागीर दहा-दहा वेळा हात फिरवायचा आणि दर वेळी मला वाटायचं, झालं की आता. पुढे डोळ्यांची आखणी व्हायची तेव्हा कळायचं की ती सावली नसती तर डोळे उघडलेच नसते.

हिरव्या-करड्याबद्दल. या रंगांची नावं ठरलेली, 'डार्क ग्रीन' आणि 'ओशन ग्रे', पोटाला 'मीडियम सी ग्रे'. युरोपातल्या ब्रिटिश लढाऊ विमानांना ही जोडी १९४१ च्या ऑगस्टपासून लागली. बाटलीवरही हीच नावं असतात. मग बाटली उघडून फासला की झालं? नाही होत. मॉडेल हातभर अंतरावरून, समजा साठ सेंटिमीटरवरून, आपण बघतो. खऱ्या विमानाच्या हिशेबात ते एकोणीस मीटर दूर उभं राहून बघणं झालं. एकोणीस मीटरच्या हवेतून हिरवा तेवढा हिरवा राहत नाही. मधे धूळ, ओल, उजेड येतो. घाटातून समोरचा डोंगर पाहिला की झाडी निळसर होते, त्याचीच ही बारीक आवृत्ती. म्हणून खरा, मोजून-मापून बरोबर असलेला रंग मॉडेलवर काळपट आणि खोटा वाटतो, आणि थोडा फिका, थोडा मळका केलेला खोटा रंग खरा वाटतो. किती खोटं बोलायचं, यातच हात दिसतो. माझ्या मित्राचा हिरवा पाच-सहा प्रकारचा आहे. पंखाच्या वरच्या बाजूला, जिथे ऊन सरळ पडणार, तिथे तो पिवळटाकडे झुकतो. पत्र्यांच्या सांध्यांशी खोल जातो. पोटाखाली वळताना परत मूळ पदावर येतो. करडा मात्र त्याने फारसा बदलला नाही. विचारलं तर म्हणाला, "दोघंही नाचायला लागले तर बघायचं कुणाकडे?"

दोन रंगांची सीमा बघण्यासारखी आहे. मास्किंग टेप थेट चिकटवली असती तर ती सुरीने कापल्यासारखी आली असती. त्याने चिकट मातीच्या बारीक वळकट्या करून कडेला ठेवल्या आणि वरून सरळ फवारलं, त्यामुळे कड एका मिलिमीटरात विरते. खऱ्या विमानावर तीनेक सेंटिमीटर. लांबून धारदार, जवळून मऊ.

आता दोन जागा अशा की ज्या जाणकाराने जाणकाराला घातलेल्या कोड्यासारख्या आहेत.

पहिली, पंखा. चार पाती, टोकं पिवळी. पात्यांच्या धारेवरचा रंग धुळीने आणि खड्यांनी झिजलेला आहे. झिजल्यावर खालून काय दिसलं पाहिजे? शंभरातले नव्वद जण चंदेरी ब्रश मारतील. पण या विमानाची रोटोल कंपनीची पाती लाकडाची, दाबून घट्ट केलेल्या लाकडाची. तिथे चांदी कुठून येणार? मित्राच्या पात्यांवर झिजेच्या जागी मंद तपकिरी, जुन्या देव्हाऱ्याच्या उंबरठ्यासारखा रंग आहे. दुसरी जागा, शेपटीचं सुकाणू. स्पिटफायरचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, पण सुकाणूवर कापड ताणून बसवलेलं. कापडावरचा रंग पोपडे धरून उडत नाही, आणि उडाला तरी खाली पत्रा नाही. कापड ताणायला आधी तांबूस डोप फासत, त्यावर उन्हापासून वाचवायला चंदेरी, आणि त्यानंतर वरचे रंग. मित्राने सुकाणूवर एकही ओरखडा काढलेला नाही. फक्त तिथला हिरवा शेजारच्या पत्र्यावरच्या हिरव्यापेक्षा जरा जास्त विटवला आहे, आणि खालच्या कडेला, जिथे शेपटीच्या चाकाने उडवलेली माती बसणार, तिथे एका ठिकाणी तांबूस छटा येऊ दिली आहे. पुन्हा लाल, पुन्हा खाली दडलेला. हे त्याने मुद्दाम केलं का, मी विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्याने बिघडतात.

पत्र्याचं अंग मात्र त्याने मोकळ्या हाताने झिजवलं आहे, आणि त्याची रीत गमतीची आहे. चंदेरी थरावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर हिरवा-करडा. मग वरून पाणी लावून दाभणाच्या टोकाने आणि ताठ ब्रशने हलकेच घासायचं. स्प्रे पाण्याने सैल होतो, वरचा रंग कपच्यांनी निघतो आणि खाली खरी चांदी चमकते. रंगवून काढलेला ओरखडा आणि खरोखर उडवलेला रंग यांत फरक असतो. दुसऱ्याला कड असते, सावली असते. ही झीज दोन्ही पंखांवर सारखी नाही. वैमानिक डाव्या बाजूने चढतो, कॉकपिटचं दार डाव्या बाजूला आहे, म्हणून डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी खाल्लेली जागा मोठी. उजवीकडे फक्त बंदुकांच्या झाकणांभोवती आणि इंजिनाच्या आवरणाच्या खिट्ट्यांशी. रोज कुणाचा हात कुठे पडत असेल, हे रंगावरून वाचता येतं.

आणि मग ते पांढरे पट्टे. हा या विमानावरचा शेवटचा हुकूम आणि, माझ्या मते, रंगकामातलं सगळ्यात धीट काम. १९४५ च्या सुरुवातीपासून या भागातल्या स्पिटफायरांवर पंखांना, शेपटीला, नाकाला पांढरे पट्टे आले. ज्या पांढऱ्याला दोन वर्षांपूर्वी वर्तुळातून हाकललं, तोच आता पट्टे भरभरून परत आला! कारण तोवर आकाशात जपानी विमान दिसणंच दुर्मीळ झालं होतं, आणि भीती उरली ती आपल्याच माणसाच्या गोळीची. लपायचं नव्हतं, ओळखू यायचं होतं. युद्धाचं पारडं कधी फिरलं, हे या एका रंगाच्या जाण्या-येण्यात दिसतं.

मित्राने हा पांढरा बाकीच्या रंगांच्या शिस्तीत बसवलेला नाही. हिरवा-करडा कारखान्यातला, म्हणून फवारलेला, विरणारा. पांढरा मैदानावर घाईत लावलेला, म्हणून त्याने तो ब्रशने लावला. पट्ट्यात ब्रशाच्या उभ्या रेघा आहेत, एका कडेला टेप सैल असल्यासारखी रंगाची जीभ बाहेर आली आहे, आणि नाकावर पांढऱ्याखालून हिरवा पुसटसा दिसतो, एकाच हातात उरकलेल्या भिंतीसारखा. एअरब्रशवर इतकी हुकमत असलेला माणूस मुद्दाम हात वाईट करतो, हे मला नाटकातल्या नटासारखं वाटलं. चांगलं गाणाऱ्याने बेसूर गाणाऱ्याची भूमिका करावी तसं. ते सोपं नसतं. जरा जास्त झालं की नट दिसतो, पात्र दिसत नाही. इथे पात्र दिसतं.

सगळंच जमलं आहे असं मात्र नाही. एक्झॉस्टचे डाग मला पटत नाहीत. मर्लिन इंजिनाची दोन्ही बाजूंना सहा-सहा नळकांडी. त्यांच्यातून निघालेला धूर अंगावरून मागे जातो, आणि शिसं घातलेल्या पेट्रोलचा म्हणून त्यात काळ्याभोवती राखाडी-बदामी कड येते. कड त्याने छान धरली आहे. पण काळा त्याला आवरला नाही. तो कॉकपिटच्याही मागे लांबवर गेला आहे, वर्तुळाच्या कडेला टेकला आहे, आणि डोळा पहिल्यांदा तिथेच जातो. मी सांगितलं तर त्याने मान्य केलं नाही. म्हणाला, फोटोंमध्ये आहे. असेलही. पण कृष्णधवल फोटोतला काळा हा सगळ्याच गडद गोष्टींचा काळा असतो, त्याच्यावर एवढा भरवसा ठेवू नये. पत्र्यांच्या सांध्यांत सोडलेला काळपट वॉशही पोटाखाली थोडा जास्त झाला आहे. उलटं धरलं की विमान वहीवर आखल्यासारखं दिसतं. सुदैवाने विमान उलटं कोण धरतं?

कॉकपिटविषयी मी फार बोलणार नाही, कारण दार बंद केल्यावर त्यातलं थोडंच उरतं. करडा-हिरवा रंग, काळी तबकडी, आणि आसन लालसर तपकिरी. ते धातूचं नव्हतं, राळेत भिजवलेल्या कागदाचं होतं. त्या आसनावर पट्ट्यांची सावली पडते ती मात्र खरी आहे, रंगवलेली नाही.

या विमानांवरची वर्तुळं पुढेही बदलली. १९४७ च्या ऑगस्टनंतर भारतीय विमानांवर काही काळ निळं अशोकचक्र आलं, मग आजचा केशरी-पांढरा-हिरवा. मित्राला मी विचारलं, मग शेवटच्या हुकमापर्यंत का नाही गेलास? त्याने खोक्यातून अर्धवट कापलेले मास्क काढून दाखवले. गोल, चोवीस आऱ्यांचा, मिलिमीटरभर रुंदीच्या फटी असलेला.

"पुढचं स्पिटफायर," तो म्हणाला. "आधी लाल लावतो. मग इंडिया व्हाइट. मग तो बुजवून हे."

"आणि दिसणार काय?"

त्याने दिवा जरा तिरका केला आणि विमान माझ्याकडे वळवलं.